लाइट गेली तरी मी वाचतच होते

दोरी

माझ्या आजाराचा पहिला फटका मला बसला नाही, सुमित्राला बसला. ती चिखलात पडली.

दोन हजार बाराचा पावसाळा. आमच्या मुर्री गावात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होती. त्या साली आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पहिल्यांदाच दोरी लावून धान रोवायचं ठरलं होतं. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत दोरी ताणायची, बायांनी दोरीच्या कडेकडेनं पऱ्हे, धानाची रोपं, लावत जायचं, ओळ झाली की दोरी मागे सरकवायची. दोरी धरायचं काम म्हाताऱ्यांकडे, कारण आमच्या कमरा एकदा वाकल्या की लवकर सरळ होत नाहीत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सुमित्रा. आमची घरं भिंतीला भिंत लागून आणि लग्नं एकाच उन्हाळ्यातली, त्यामुळे आम्ही एकमेकींना काहीही बोलू शकतो आणि बोलतोच.

मी दोरीकडे पाहिलं. दोरी मधोमध वाकलेली.

"ताण वो!" मी ओरडले.

"ताणली ना!"

"कायची ताणली? मधात पोट सुटलं दोरीचं."

"पोट तुयं सुटलं. दोरी बरोबर हाय."

"मले दिसून राहिलं इथून. ताण म्हणतो ना!"

सुमित्रानं दातओठ खाऊन ताणली. दोरी तुटली आणि बाई लुगड्यासकट चिखलात बसली. बांधीतल्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या टाकून हसल्या. मी सगळ्यांत जास्त हसले.

दोरीला गाठ मारून पुन्हा धरली. पुन्हा वाकडी. मी एक अख्खी ओळ उपटून परत लावायला लावली. माझी सून संगीता बायांमध्येच रोवत होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, ओळ सरळच हाय." मी म्हटलं, "तुमच्या वयाच्या पोरीयले सरळ आणि वाकडं कळत असतं तं काय पाहिजे होतं!"

दोरी सरळ होती. ओळही सरळ होती. वाकडं झालं होतं ते माझ्या उजव्या डोळ्यात. पण दुनिया वाकडी दिसली तर आपला डोळा तपासावा, असं माणसाच्या मनात शेवटी येतं. आधी समोरच्याला चिखलात पाडून होतं.

पिकू दे

डोळ्यापुढे धुरकट डाग येतो हे मला आधीपासून माहीत होतं. चूल फुंकताना डोळ्यात राख जावी तसा तो डाग; फक्त चोळून जात नव्हता. मी ज्याच्याकडे पाहीन त्याच्यावरच नेमका जाऊन बसायचा.

गावात सगळे डॉक्टर. "मोतिया हाय," सगळे म्हणाले. "पिकू दे. पिकला की काढतात." जुन्या काळी तसं करत असतील. मीही मान डोलावली आणि मोतिया पिकायची वाट पाहत बसले, जसा काही डोळा म्हणजे कोठीत तणसात ठेवलेला आंबा.

खरं सांगायचं तर मला आपल्या डोळ्यांचा फार गर्व होता. सून होऊन आले तेव्हा अख्ख्या वस्तीच्या सुया मी ओवून द्यायची. म्हातारी बाई सुई घेऊन दारात आली की मी तिच्याकडे न बघता, गप्पा मारत, एका झटक्यात दोरा घालायची आणि वर म्हणायची, "काय मामी, एवढंही दिसत नाई?" ती पंचविशीतली शहाणी आज दारात आली तर मी तिला सुई न देता तशीच उभी ठेवीन.

डोळे जाऊ लागले तरी तांदूळ निवडायचं काम मी सोडलं नाही. मग एक दिवस जेवताना माझ्या मुलाच्या, मिलिंदच्या, दाढेखाली तांदळातला गोटा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा सूप माझ्या हातातून नाहीसं झालं. संगीतानं ते कोणालाही न सांगता आपल्याकडे घेतलं होतं. 

विहारातली संध्याकाळ

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की ग्रंथ वाचतात. बुद्धाच्या उपदेशाच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक आहे. वाचणारी मी. माझ्या वयाच्या बायांमध्ये सातवीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि एकदा आलेलं मी कोणाला दिलं नाही. माझ्याइतकं झोकात कोणी वाचत नाही, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तरण्या पोरींनी वाचायला मागितलं की मी म्हणायची, "तुमचे उच्चार सुधारू द्या आधी."

त्या वर्षीही पांढरं लुगडं नेसून मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुरू झाले. वाचताना तो डाग खुपायचा, म्हणून पापण्या अर्ध्या मिटून घ्यायची सवय लागली होती. रोवणीच्या दिवसांतलीच एक संध्याकाळ. गोष्ट रंगात आलेली. माझा आवाज चढला, माणसं गप्प झाली. आणखी गप्प झाली. मला वाटलं, आज काय वाचून राहिले मी!

"थांब वो बाई," सुमित्राचा आवाज आला.

"काऊन?"

"लाइट गेली."

मी डोळे उघडले. काळोख. पंखा थांबलेला. भारनियमनाची वेळ झाली होती आणि मला पत्ता नव्हता.

"लाइट केव्हाची गेली," सुमित्रा म्हणाली. "तू काय वाचून राहिली मंग?"

पहिले कोणी तरी फिसकन हसलं. मग एक म्हातारबुवा बोलले, "बाईले सिद्धी मिळाली जी!" आणि विहारभर हशा पिकला. मीही हसले. हसण्याशिवाय दुसरं काय करता येत होतं? पुस्तक अजून मांडीवर उघडंच होतं. मी त्यावरून हात फिरवला. ज्या गोष्टी मी वर्षानुवर्षं वाचत होते, त्या कधीपासून वाचत नव्हते, नुसत्या म्हणत होते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पान उलटायची जागासुद्धा हाताला पाठ झाली होती.

संगीता मात्र हसली नव्हती. घरी येताना टॉर्च माझ्या पायाशी धरून ती एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

कार्ड तर लाव

गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणाऱ्या मुलीनं माझ्या डाव्या डोळ्यावर चमच्यासारखं झाकण धरलं. उजव्यानं वरची मोठी अक्षरं कशीबशी सांगितली. मग तिनं उजवा झाकला.

"अब पढ़ो, आजी."

"कार्ड तं लाव पहिले."

"लगा है, आजी."

"कुठं हाय?"

 माझ्या खांद्यावर तिचा हात आला, तेव्हा मला कळलं की कार्ड तिथंच आहे. भिंत दिसत होती, दार दिसत होतं, कोपऱ्यातला पाण्याचा माठ दिसत होता. जिथं पाहत होते तेवढीच जागा कोणी पुसून नेली होती.

डावा डोळा केव्हाचा गेला होता. उजवा त्याचं काम करत राहिला आणि मला काही सांगितलं नाही. घरातली एक सून आजारी पडली की दुसरी बिनबोभाट दोघींचं काम ओढते, आणि सासूला वाटतं घर कसं छान चाललं आहे, तसं.

म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं: आज एक डोळा हातानं झाका आणि दाराच्या चौकटीकडे पाहा. मग दुसरा झाका. चौकट वाकडी दिसली तर सुताराला बोलावू नका.

त्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "आजी, हा मोतिया नाही. पडद्याचा आजार आहे. उद्याच नागपूरला जा. परवा नको, उद्याच."

हिरवी फुली

नागपूरला पडद्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे जायच्या आधी यंत्रांपुढून जावं लागतं. एकापुढे हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. आत एक हिरवी फुली दिसते, तिच्याकडे टक लावून पाहायचं, तोवर यंत्र पडद्याचा आडवा छेद काढतं, चाकू न लावता.

"फुली दिसते ना? तिच्याकडेच पाहा," तिथला मुलगा म्हणाला.

"पाहिली की जाते."

"म्हणजे?"

"दुसरीकडे पाहिलं की येते. तिच्याकडे पाहिलं की पळते. लाजाळू हाय."

तो बिचारा दमला. शेवटी त्यानं बाजूला एक छोटा दिवा लावला आणि म्हणाला, इकडे पाहा. मग जमलं.

त्यानंतर हातातल्या शिरेतून पिवळं औषध सोडलं आणि डोळ्याचे भराभर फोटो काढले. प्रत्येक फोटोला वीज चमकल्यासारखा उजेड.  अंग पिवळं पडेल आणि लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नव्हतं. परतीच्या गाडीत संडासात गेले आणि तिथूनच संगीताला हाक मारली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. "आई, हळद लागलेल्या नवरीसारख्या दिसता तुम्ही."

पण त्याआधी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं ते असं. संगणकावर माझ्या डोळ्याचं चित्र होतं. थरांवर थर, आणि मधोमध एक फुगवटा. नेमकी तशीच दोरी मला बांधीत दिसली होती.

"याच्या मधल्या जागेनं आपण वाचतो, चेहरे ओळखतो," त्या म्हणाल्या. "वयामुळे तिथं खालून नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्या पाझरतात. हे पाणी साचलंय."

"खेकड्यानं धुरा पोखरला म्हणा."

डॉक्टरीणबाई संगीताकडे पाहू लागल्या. संगीतानं सांगितलं, "बांधाला खेकडे भोकं पाडतात ना, मग बांधीतून पाणी झिरपतं, तसं म्हणतात त्या."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "डाव्या डोळ्याचं?"

"तिथं आता वण पडलाय. ते परत येणार नाही."

"मी आंधळी होईन का?"

"काळोख होणार नाही. बाजूबाजूचं दिसत राहील, घरात वावरता येईल. पण मधलं जाऊ शकतं. उजवा डोळा वाचवायला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. महिन्याला एक, अशी आधी तीन. मग पाहू."

"वाचता येईल?"

खोटं बोलल्या असत्या तर मला आवडलं असतं. त्या म्हणाल्या, "आजी, आहे ते राखायचा प्रयत्न करतोय आपण. वाचता येईल की नाही ते मला आज सांगता येणार नाही."

महिन्याला एक, तीन महिने. मी मनात हिशेब लावला. तिसरं होईतोवर वर्षावास सरणार. अश्विन पौर्णिमेला समापन. त्या दिवशी शेवटची गोष्ट वाचायची असते.

"घरात कोणाला असं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार होते. मग माझी आई डोळ्यापुढे आली. माझं माहेर दरेकशाचं; जंगलाच्या कडेला आमचं घर होतं. म्हातारपणी माझी आई समोरच्या माणसाकडे सरळ पाहत नसे. मान वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं बघायची. मी माहेरी गेले की भावजयीपुढे तिची नक्कल करून दाखवायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. बुढी रुसली म्हणून तोंड फिरवते, असं माझं निदान होतं. मी नक्कल मात्र फार हुबेहूब करायची. आता तर करावीही लागत नाही.

"तंबाखू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"तंबाखूची गुडाखू घासतात दातांना," संगीता म्हणाली. सुना कधी कधी फार खरं बोलतात.

घरात

मिलिंद तांदळाच्या मिलमध्ये कामाला आहे. दिवसभर भुसा आणि आवाज. त्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, "इंजेक्शन घेतल्यावर नजर वापस येते का?"

"तसं नाई म्हणत डॉक्टर," संगीता म्हणाली. "हाय ते राहते म्हणतात."

"मंग कायले? इतं रोवणी अर्धी पडून हाय, तू दोन दिवस घरी नाई. डोळ्यात सुई टोचून बिघडलं तं? आईले आता काय वाचायचं हाय?"

तो वाईट मुलगा नाही. त्याच्या मनात माझ्या डोळ्यात सुई जाते हे चित्र बसलं होतं, आणि भीती वाटली की तो असंच बोलतो. बापावर गेला आहे. पण शेवटचं वाक्य माझ्या ताटात पडलं आणि मी ते उचललं नाही. हात धुतले आणि उठले.

मागून संगीताचा आवाज आला. "ते काय वाचतात ते तुम्हाले माहीत हाय का? गेले कधी विहारात? माणसं ऐकाले येतात त्याहिचं. मी नेतो त्याहिले. रोवणीले माह्या बहिणीले बोलावतो."

ज्या सुनेची ओळ मी उपटायला लावली होती, ती बोलत होती. मी पडवीत बसून ऐकत होते. आत जाऊन काही बोलावं असं वाटलं, पण मला चांगलं बोलायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठून चहा केला. साखरेऐवजी मीठ पडलं. ती तसाच प्यायली.

सुई

पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी अख्खी वस्ती येऊन गेली. कोणाच्या मामाच्या डोळ्यात सुई गेली आणि डोळाच बाहेर आला, वगैरे. सुमित्रा सगळ्यांत शेवटी आली.

"भेव वाटते?"

"वाटते."

"मलेही वाटते," ती म्हणाली. "तू आंधळी झाली तं दोरी कोण धरन?"

आयुष्यभर सुईत दोरा घातला. आता सुईची पाळी होती.

आत काय होतं ते सरळ सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. हिरवा डगला, डोक्याला टोपी. डोळ्यात बधिर करायचे थेंब, पुन्हा थेंब. डोळा धुतात, ते मात्र झोंबतं. तोंडावर कापड, फक्त एक डोळा उघडा, पापणी मिटू नये म्हणून चाप. एका नर्सनं माझा हात धरून ठेवला. मी तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं, मी लगेच विसरले, पण हात गरम होता ते आठवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर पाहा." कोणी बोटानं दाबावं तसं वाटलं. मी सुईची वाट पाहत राहिले.

"झालं, आजी."

"सुई?"

"झाली."

मी मनात इतकी रडण्याची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली.

डोळ्यापुढे एक काळा गोळा तरंगत होता, पाण्यातल्या बुडबुड्यासारखा. तो दोन दिवसांत विरून गेला. डोळा लाल झाला. लाल डोळ्यानं मी मिलिंदकडे रोखून पाहिलं, तो घाबरून मिलवर लवकर गेला.

फोटो पास, मी नापास

डॉक्टरीणबाईंनी चौकोनी जाळीचा एक कागद दिला होता, मधोमध ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे पाहायचं, रेघा सरळ आहेत की वाकड्या ते बघायचं. माझ्या नातीनं तो माठाशेजारी चिकटवला. मला ती जाळी रोवलेल्या बांधीसारखी दिसायची, ओळी उभ्या, ओळी आडव्या, आणि मधे कोणाची तरी म्हैस लोळून गेलेली. पहिल्या इंजेक्शननंतर म्हशीनं लोळलेली जागा थोडी लहान झाली. दुसऱ्यानंतर म्हैस गेली, पण तुडवलेलं तसंच राहिलं.

यंत्रातला फोटो तर एकदम झकास. फुगवटा बसला, पाणी आटलं. डॉक्टरीणबाई खूश. मग कार्डासमोर बसवलं. इथली मुलगीही हिंदीच बोलणारी. मी भराभर वाचत खाली गेले. ती म्हणाली, "वाह, आजी!" मग थांबली. तिनं कार्ड बदललं. मी तेच भराभर वाचत राहिले.

"आजी," ती म्हणाली, "मैंने कार्ड बदल दिया है."

आधीचं कार्ड मागच्या दोन वेळांत मला पाठ झालं होतं. मी काही लबाडी करत नव्हते. माझ्या डोक्याला तीच सवय. डोळा दमला की डोकं पुढे सरसावतं आणि म्हणतं, बस तू, मी सांगतो.

त्या दिवशी मी खरी घाबरले. काळोखाला नाही, सुईलाही नाही. डोळा वाचतो आहे की डोकं म्हणतं आहे, हे मला कधी कळणारच नाही, याला घाबरले. पाठ असलेलं म्हणत राहायचं आणि त्यालाच वाचणं समजायचं, तर मग लाइट असली काय आणि नसली काय.

नव्या कार्डावर मी वरच्या थोड्या ओळी वाचू शकले. गोंदियाला वाचल्या होत्या त्याहून थोड्या जास्त.

"फोटो पास, मी नापास," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"पाणी काढणं माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या. "पाण्याखाली जे आधीच कुजलं ते परत उभं करता येत नाही. पण थोडं उरलं आहे. ते कसं वापरायचं ते शिका." मग त्यांनी शिकवलं. जाड भिंग, जवळ दिवा, अक्षरांवर एकटक पाहायचं नाही, ओळीच्या जरा वर पाहायचं, म्हणजे डागाखालून अक्षर निसटून येतं.

घरी येऊन मी पुस्तक काढलं, मान वळवली, ओळीच्या वर पाहिलं. संगीता म्हणाली, "आई, मान कायले वाकडी केली?"

मी म्हटलं, "माह्या आईनं शिकवलं."

समापन

तिसरं इंजेक्शन झालं आणि अश्विन पौर्णिमा आली. मधल्या दिवसांत विहारात एक तरणी पोरगी वाचत होती. उच्चार चांगले होते तिचे, सांगायला काय जातं. शेवटची गोष्ट मात्र मी वाचणार, असं सुमित्रानं सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं होतं.

पुस्तक मांडीवर, हातात भिंग, जवळ ओढलेला दिवा. मिलिंद मागच्या रांगेत येऊन बसला होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण मिलच्या भुशाचा वास ओळखता येतो.

ती गोष्ट मला तोंडपाठ. एक भिक्षू पावसात जंगलातून दूरच्या गावाला निघतो आणि पोचतो. म्हणत सुटले असते तर झोकात झालं असतं. मी डोक्याला म्हटलं, तू गप बस. आणि एकेक अक्षर भिंगाखाली ओढत वाचू लागले. अडखळले. मागे गेले. पुन्हा वाचलं.

पुढच्या रांगेत कुजबूज झाली. "पहिले तं चांगली वाचत होती बाई. इंजेक्शन घेऊन बिघडली."

मी वाचत राहिले. भिक्षू जंगलात शिरला. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं: तो गावात पोचला. भिंग सरकवलं. ते वाक्य तिथं नव्हतं. तिथं एक म्हातारी होती. तिनं ओल्या भिक्षूला आपल्या छपरीत बसवलं, पेज दिली, आणि पाऊस थांबेपर्यंत त्याच्याशी बोलत बसली.

मी थांबले. पुन्हा वाचलं. म्हातारी होतीच.

"हे कुठलं वो?" सुमित्रा म्हणाली. "बुढी नोहोती या गोष्टीत."

"हाय."

"इतक्या वर्षांत कधी नाई वाचली तू. मनानं घातली."

"पुस्तकात हाय."

संगीता उठून आली. तिनं माझ्या बोटाखालच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. म्हातारी, छपरी, पेज. केव्हा तरी मी तिला गाळून पुढे गेले असेन आणि मग दर वर्षी गाळतच राहिले. माझ्या डागात बसून होती बिचारी.

ते मला पाठ नव्हतं. म्हणजे ते मी वाचलं होतं.

"मंग वाच ना परत," सुमित्रा म्हणाली. "त्या बुढीचं वाच."

मी परत वाचायला घेतलं. मान वळवून, ओळीच्या वर पाहत, अडखळत. म्हातारी उठली, चुलीजवळ गेली, तिनं पेजेचं भांडं उचललं, आणि लाइट गेली.

मी थांबले.



"काऊन थांबली वो?" अंधारातून सुमित्रानं विचारलं.

"लाइट गेली ना," मी म्हटलं. "दिसून नाई राहिलं."